नोंद : शांत

यंत्राला ऐकायला मी शिकवलं, हे आधीच सांगून टाकते. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं.

माझं नाव चारुशीला भोईटे. पुण्यात रुग्णवाहिका बोलावण्याच्या फोनवर मी सव्वीस वर्षं नोकरी केली. पलीकडे कोणी रडत असे, कोणी शिव्या देत असे, आणि अलीकडे मी एकाच पट्टीत विचारत असे, "पत्ता सांगा. मजला कितवा? ते श्वास घेतायत का?" नव्या मुलींकडून मी एकच गोष्ट घोटून घ्यायची: समोरचा जितका घाबरलेला, तितकं आपण हळू बोलायचं. मी मुळातच हळू बोलणारी, त्यात ही नोकरी. घरीसुद्धा माझा आवाज चढेनासा झाला. दूध उतू जायला लागलं की मी "वृंदा, दूध" एवढंच म्हणायची आणि तोवर दूध शेगडीवर आलेलं असायचं.

वृंदा माझी धाकटी बहीण. आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि मी तेरा. ती माझ्या वाटणीचंही ओरडून घ्यायची.

मी निवृत्त झाल्यावर वर्षभराने तेजल सबनीस नावाची मुलगी मला शोधत आली. आवाजाच्या विज्ञानात तिने डॉक्टरेट केली होती आणि डोक्यात एकच विषय होता. ती म्हणाली, इस्पितळात माणूस बिघडायला लागतो तेव्हा नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन यांचे आकडे पुष्कळदा उशिरा बोलतात. त्याच्या आधी खाटेशी बसलेल्या माणसाला काहीतरी खटकलेलं असतं. आई म्हणते, पोरगं आज माझ्याकडे बघत नाही. नवरा म्हणतो, ही अशी कधी झोपत नाही. हे खटकणं वेळेवर कळलं तर डॉक्टरांची तुकडी तासभर आधी खाटेशी पोचेल. म्हणून त्यांनी काही वॉर्डांत नातेवाइकांच्या हाती बटण देऊन पाहिलं होतं. ते चाललं नाही. निम्मे लोक डॉक्टरांसमोर तोंड उघडत नाहीत. आजाऱ्यापुढे वाईट बोलू नये म्हणून कोणी विचारलं की 'बरं आहे' म्हणतात, अगदी शेवटच्या घटकेपर्यंत 'बरं आहे'. आणि उरलेले पंखा बंद पडला तरी बटण दाबतात.

"मग शब्दांवर जाऊ नका," मी म्हणाले. "आवाज ऐका."

हे वाक्य त्यांच्या पहिल्या अहवालाच्या पहिल्या पानावर छापलेलं आहे. खाली माझं नाव आहे.

त्यामागचं विज्ञान अवघड नाही. बोलताना बाईच्या स्वरतंतूंची सेकंदाला साधारण दोनशे वेळा उघडझाप होते. भीतीने गळ्याचे स्नायू ताठरले की तिचा वेग वाढतो आणि ताल किंचित चुकायला लागतो. श्वास तुटतो, वाक्यं आखडतात. आपल्या कानाला हे सगळं मिळून 'काहीतरी बिनसलंय' एवढंच कळतं; यंत्राला ते मोजता येतं. मात्र प्रत्येकाचा आवाज वेगळा. म्हणून भरतीच्या दिवशी रोगी आणि सोबतचं माणूस, दोघांनाही पाच-पाच मिनिटं मनाला येईल ते बोलायला लावायचं. तो त्यांचा मूळ आवाज. पुढचं सगळं बोलणं त्याच्याशी ताडून बघायचं.

चौदा महिने मी कानाला हेडफोन लावून बसले. अकरा हजार तुकडे ऐकले. शब्दांना फसू नये म्हणून तेजल आधी शब्द पुसून टाकायची. नुसती आवाजाची चाल उरायची, भिंतीपलीकडे कोणी बोलत असल्यासारखी. मी शिक्के मारायची: शांत, काळजी, भीती. आणि काहींवर 'बनावट', कारण लक्ष वेधायला केलेला कांगावा मला लगेच कळायचा. माझ्या शिक्क्यांवरून यंत्र शिकलं. तेजलने त्याला नाव दिलं कानोसा.

खाटेच्या उशाशी लावलेला वाटीएवढा दिवा, त्यातच माइक; नाडी-रक्तदाबाचे आकडेही त्याला जोडलेले. हिरवा, पिवळा, लाल. लाल झाला की चार मिनिटांत तुकडी हजर. दोन वर्षांत तो राज्यातल्या पुष्कळ इस्पितळांत बसला आणि त्याच्यामुळे माणसं वाचली. मला त्याचा गर्व होता. अजूनही थोडा आहे, खोटं कशाला बोलू.

मग फलटणला वृंदाच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली.

वृंदा तिथे शिवणक्लास चालवायची. नवरा चार वर्षांपूर्वी गेला होता आणि मुलगा केदार जहाजावर, जमिनीपासून आठ दिवसांच्या अंतरावर. सोबतीला मी गेले. शनिवारी तिथल्याच, कानोसा बसलेल्या इस्पितळात भरती केलं, रविवारी ऑपरेशन झालं, गाठ काढून आतडं पुन्हा जोडलं. भरतीच्या वेळी मी माझा मूळ आवाज म्हणून फलटण-पुणे गाड्यांचं वेळापत्रक सांगितलं. वृंदाची पाळी आली तेव्हा मी खाली औषधं आणायला गेले होते. वर आले तर ती गालातल्या गालात हसत होती.

"काय बोललीस गं पाच मिनिटं?"

"तुझी चुगली केली."

"कोणापाशी?"

"ह्या दिव्यापाशी. म्हटलं, दुसरं कोण ऐकतंय माझं?"

पुढचे तीन दिवस तिने वॉर्ड डोक्यावर घेतला. सुई टोचली की ओरडा, कूस बदलली की ओरडा. सिस्टर गावित ही नंदुरबारकडची तरुण मुलगी होती, ती येताना दिसली की वृंदा आधीच "आई गं" करून ठेवायची. बुधवारी पातळ घ्यायला परवानगी मिळाली आणि तीन वाजता चहा आला. वृंदाने एक घोट घेतला.

"सिस्टर, हा चहा आहे की भांडी विसळलेलं पाणी? बिनसाखरेचा एक वेळ चालेल, पण चहाची पावडर तरी दाखवा त्याला."

सिस्टर हसली. शेजारच्या खाटेवरचे आप्पासुद्धा हसले. मला हायसं वाटलं, कारण भांडणारी वृंदा म्हणजे ठणठणीत वृंदा.

गुरुवारी तीन वाजता तोच चहा आला. वृंदाने दोन घोट घेतले आणि कप खाली ठेवला.

"कसा आहे?" मी विचारलं.

"चांगला आहे," ती म्हणाली.

पन्नास वर्षांत तिने दुसऱ्याने केलेल्या चहाला चांगला म्हटलं नव्हतं, माझ्याही नाही. मी तिच्या पायांना हात लावला. पाय गार होते. सकाळपासून ती एकदाही ओरडली नव्हती हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ड्रेसिंग बदललं तेव्हाही नाही. कानोसा रोग्याचाही आवाज ऐकतो. त्याच्या हिशोबी तिचं कण्हणं थांबलं होतं, म्हणजे दुखणं कमी होतं, म्हणजे सुधारणा होती.

मी दिव्याकडे तोंड केलं. "माझ्या बहिणीची तब्येत ठीक वाटत नाही. ती बदललीय. कोणीतरी येऊन बघा."

दिवा हिरवाच राहिला.

मी घंटी दाबली. सिस्टर गावित आली, तिने नाडी पाहिली, रक्तदाब घेतला, ताप पाहिला. सगळं काठावर पण मर्यादेत. वृंदाला रक्तदाबासाठी रोज जी गोळी चालू होती ती नाडीला वाढूच देत नव्हती आणि दुखण्याचं औषध ताप दाबून ठेवत होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

"मावशी, सगळं ठीक दिसतंय," सिस्टर म्हणाली. "दुखायचं कमी झालंय, म्हणून पडल्यात शांत."

"सिस्टर, ती शांत पडणारी बाई नाही. डॉक्टरांना बोलवा."

तिने दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्ही स्वतः इतक्या शांत आहात, मावशी."

तरी तिने फोन लावला. बावीस रोगी आणि दोन सिस्टर, त्यात तिने फोन लावला, हे मी विसरणार नाही. "तांबोळी सर, सात नंबर. सोबतच्या मावशी म्हणतायत काहीतरी बदल आहे. हो सर, आकडे ठीक आहेत. हिरवा सर, एकदम हिरवा." मग तिने फोन ठेवला. "सर ऑपरेशनमध्ये आहेत. सहाच्या राउंडला सगळ्यात आधी तुमच्याकडे येतो म्हणाले."

तेव्हा साडेतीन झाले होते.

पावणेचारला शेजारच्या आप्पांच्या सुनेने किंकाळी फोडली. "अहो कोणीतरी या ओ! आप्पांचा हात बघा कसा झालाय!" त्यांच्या उशाचा दिवा हिरव्यातून थेट लाल झाला. चार मिनिटांच्या आत दोन डॉक्टर आणि यंत्रांची गाडी आली. सलाइनची सुई शिरेबाहेर गेली होती आणि हात सुजला होता. त्यांनी सुई काढली, बर्फ लावायला सांगितला आणि निघाले. त्यातल्या एकाला मी अडवलं.

"डॉक्टर, एक मिनिट. ह्या खाटेवर माझी बहीण आहे. चौथा दिवस आहे, आतड्याचं ऑपरेशन. ती मला बरी दिसत नाही."

त्याने हिरवा दिवा पाहिला आणि पडद्यावरचे आकडे पाहिले. "तिच्या डॉक्टरांना कळवलंय ना? छान," असं म्हणत तो गेलाही. तिसऱ्या मजल्यावर दुसरा लाल लागला होता.

आता काय करायचं हे मला ठाऊक होतं. माझ्याइतकं ते राज्यात कोणाला ठाऊक नसेल. आवाज दीडपट चढवायचा, वाक्यं तोडायची, मध्ये श्वास ओढायचा. सुनेने केलं तेवढंच. मी केलं नाही.

का केलं नाही, याची कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली आहेत. वृंदा घाबरेल. खोट्या लालने तुकडी दुसऱ्या कोणाच्या खाटेवरून उठून येईल. ही कारणं खरी आहेत, पण पुरती नाहीत. मला लाज वाटली. साठीच्या बाईने भरल्या वॉर्डात किंकाळी फोडायची, आणि मग सगळं ठीक निघालं तर? ज्या आवाजांवर मी 'बनावट' असा शिक्का मारला त्यांतला एक माझा असता.

शेवटी मी बाहेरच्या व्हरांड्यात जाऊन पाहिलं. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून तोंड उघडलं. जे बाहेर आलं ते फोनवरचंच: "लवकर या. पेशंट गंभीर आहे." एका पट्टीत, स्वच्छ, शब्द न शब्द सुटा. मला खरंच भीती वाटत होती. ती गळ्यात मात्र उतरली नाही. सव्वीस वर्षं भीती आली की गळा सैल सोडायचा, हेच मी त्याला शिकवलं होतं.

परत येऊन मी दिव्याला दुसऱ्यांदा सांगितलं, मग तिसऱ्यांदा. दर वेळी अधिक सावकाश.

साडेचारला वृंदाने डोळे उघडले. "ताई, माझ्याजवळ बस."

"बसलेच आहे."

"कात्री झाकून ठेव. पोरी येतील क्लासला."

"ठेवते."

"तू ओरडू नको त्यांना," ती म्हणाली. मला. जन्मात पहिल्यांदा ती मला ओरडू नको म्हणाली आणि मी उठून धावत सिस्टरच्या टेबलापाशी गेले. सिस्टर गावितने माझं तोंड पाहिलं. दिवा पाहायला ती थांबलीच नाही, सरळ वृंदाकडे पळाली. रक्तदाब कोसळला होता. मग आकड्यांनीच दिवा लाल केला.

चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती. चहाचा कप तसाच होता.

आतड्याचा जोड सुटला होता आणि पोटात विष पसरलं होतं. त्यांनी पुन्हा पोट उघडलं, धुतलं, सगळं केलं. शुक्रवारी सकाळी साडेदहाला वृंदा गेली. केदारचा चेहरा जहाजावरून फोनच्या पडद्यावर येत होता आणि मध्येच गोठत होता. त्याला मीच सांगितलं. त्याच पट्टीत सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, तू रडत का नाहीस?"

डॉक्टर तांबोळींना मी विचारलं, दीड तास आधी कळलं असतं तर? त्यांनी चष्मा काढून पुसला. "शक्यता होती," ते म्हणाले. भला माणूस, खोटं बोलला नाही.

दोन महिन्यांनी पुण्यात तेजलच्या कार्यालयात चौकशी झाली. मंडळी अवघडून बसली होती. यंत्राने चूक केली का, एवढाच प्रश्न होता. मी म्हणाले, "पद्धत आहे ना आपली? पद्धतीने करा. माझे त्या दिवशीचे तुकडे इतरांच्यात मिसळा, शब्द पुसा, आणि मला शिक्के मारू द्या."

"भोईटे मॅडम, नका ना," तेजल म्हणाली.

"लाव."

वीस तुकडे होते. शब्द पुसलेले, फक्त चाल. मी पूर्वीसारखी डोळे मिटून ऐकत गेले. भीती. काळजी. शांत. बनावट. काळजी. आपला आवाज आपल्याला बाहेरून ओळखू येत नाही, त्यातून असा पुसलेला तर नाहीच. संपल्यावर तेजलने कागद माझ्यापुढे सरकवला. सहा, अकरा आणि सतरा नंबरचे तुकडे माझे होते. तिन्हींवर मी 'शांत' लिहिलं होतं. सतरावर तर शेरा होता: अतिशय शांत, दुर्लक्ष चालेल.

यंत्र चुकलं नव्हतं. ते माझ्यासारखंच ऐकत होतं.

मी उठायला लागले आणि मला ते आठवलं. "तेजल, वृंदाचा मूळ आवाज असेल ना तुमच्याकडे? भरतीच्या दिवशीचा. शब्दांसकट."

"असेल. पण शब्द आपण वापरतच नाही मॅडम, ते नुसते साठवून ठेवतो."

"लाव."

आधी घसा खाकरण्याचा आवाज आला. मग वृंदा आली, सगळ्या खोलीत.

"बोलू का? लागलं का हे? बरं. मी वृंदा नाळे. काय बोलायचं ते बोला म्हणतात, तर मी आमच्या ताईची चुगली करते. ती खाली गेलीय तेवढ्यात. आमच्या ताईला ओरडता येत नाही हो. मी सहा-सात वर्षांची असताना आमचा गोठा पेटला. दुसऱ्या घरात पोरीबाळी किंचाळल्या असत्या. ही मला हलवून म्हणते, 'वृंदा, ऊठ, चप्पल घाल, गोठा पेटलाय.' जेवायला चल म्हणावं तसं. मी पुन्हा झोपले. मग तिने मला उचलून बाहेर नेलं, तेव्हा मी जाळ पाहिला. तेव्हापासून मला कळलंय. म्हणून सांगून ठेवते, उद्या मला काही झालं तर ती आरडाओरडा करणार नाही. हळूच येऊन सांगेल. एकदाच सांगेल. तिने हळू सांगितलं की पळा. तिचं तेच ओरडणं आहे. बाकी माझं काय, मी ओरडतच असते, माझ्याकडे लक्ष नका देऊ. किती झाली मिनिटं? अजून तीन? बाई बाई. बरं, तर शिवणक्लासचं सांगते…"

पडद्यावर खाली कानोसाने नोंद केलेली होती. आवाज: सामान्य. मजकूर: लागू नाही.

तेजल रडत होती. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि आवाज येत नव्हता, हे मला तेव्हा कळलं. केदारला हे सांगायला हवं होतं, की मावशी रडते, फक्त ऐकू येत नाही.

आता नियम बदलला आहे. नातेवाइकाने तोंडाने सांगितलं की तब्येत बिघडली, तर दिवा कोणत्याही रंगाचा असो, डॉक्टरने येऊन बघायचंच. आणि भरतीच्या दिवशी सिस्टर रोग्याला एक प्रश्न विचारते आणि उत्तर हाताने कार्डावर लिहून खाटेला अडकवते: भीती वाटली की तुमच्या सोबतचं माणूस काय करतं? मी महिन्यातून एकदा फलटणला जाते आणि ती कार्डं वाचते. 'मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालतो.' 'सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत बसतात.' 'नवरा विनोद सांगतो.' मागच्या खेपेला चार नंबरच्या बाईचा नवरा एकामागून एक विनोद सांगत होता. सिस्टर गावितने मान वर केली, हातातलं काम टाकलं आणि त्या खाटेकडे धावली. ती बाई वाचली.

पहिलं कार्ड मी स्वतः लिहिलं होतं, अक्षर कसं बसतं ते बघायला. वृंदा नाळे, खाट सात. खाली: 'ताई हळू सांगते. एकदाच सांगते.' ते अडकवायला खाट नाही, म्हणून माझ्या पर्समध्ये असतं.